महापालिकेची वही व्यापाऱ्याने वाचलीच पाहिजे

फेब्रुवारी सरला की आपल्या प्रत्येक दुकानात एकच घाई सुरू होते. मालाची मोजदाद करायची, अडकलेली उधारी गोळा करायची, देणेकऱ्यांचे चुकते करायचे आणि ३१ मार्चला वही बंद करायची. याच दिवसांत ठाण्यात आणि कल्याणात आणखी एक वही उघडलेली असते. ती आहे महापालिकेची. तिच्यातली रक्कम आपल्या साऱ्या बाजारपेठेच्या वर्षाच्या उलाढालीपेक्षा मोठी असते आणि तिच्यात आपला पैसा असतो. तरीसुद्धा ती वही आपल्यापैकी शंभरांत एकानेही उघडून पाहिलेली नसते. वर्तमानपत्रात मथळा येतो, "यंदा करवाढ नाही", आणि आपण समाधानाने पान उलटतो.

रक्कम केवढी म्हणाल, तर ठाणे महापालिकेचे २०२४-२५ चे अंदाजपत्रक ५,०२५ कोटी रुपयांचे होते आणि २०२५-२६ चे ५,६४५ कोटींचे. कल्याण-डोंबिवलीचे अंदाजपत्रकही तीन हजार कोटींच्या पुढे गेले आहे. ठाण्याची महापालिका १९८२ मध्ये झाली, कल्याण-डोंबिवलीची १९८३ मध्ये. म्हणजे दोन्ही संस्थांनी चाळिशी ओलांडली आहे आणि त्यांचा हिशेब आता पोरखेळ राहिलेला नाही.

आम्ही उर्दू शाळेत शिकलो. तेथे बजेटला 'मीझानिया' म्हणतात. मीझान म्हणजे तराजू. मराठीत त्यालाच 'अंदाजपत्रक' म्हणतात. दोन्ही शब्द एकाच वस्तूचे, पण दोहोंत एक मोठा भेद आहे. तराजूत दोन्ही पारडी समोर दिसतात. अंदाज मात्र कितीही बांधता येतो. आपल्या शहरांची निम्मी दुखणी या भेदात आहेत, असे आमचे मत आहे. ते कसे, हे व्यापाऱ्याच्या भाषेत सांगण्याचा हा प्रयत्न.

जकातीपासून जीएसटीपर्यंत

आपल्या पिढीने जकात नाके पाहिले आहेत. मालाचा ट्रक शहराच्या वेशीवर उभा राहायचा, बिले तपासली जायची, रक्कम भरली की पावती आणि मग माल गोदामात. भिवंडीचे कापड कल्याणला आणायचे तरी हाच फेरा. वेळ जायचा, त्रास व्हायचा आणि व्यापारी मनातल्या मनात बोटे मोडायचा. ज्यांच्या घरात जकात या शब्दाला निराळा आणि पवित्र अर्थ आहे, त्यांना नाक्यावरच्या वसुलीलाही हेच नाव असावे याचे नेहमी नवल वाटे. पण या पद्धतीत एक गोष्ट होती. महापालिकेच्या तिजोरीत रोज संध्याकाळी रोकड यायची आणि बाजारात माल जास्त आला तर ती जास्त यायची. बाजार चालला तर शहर चालले, हे अधिकाऱ्यालाही ठाऊक होते.

पुढे २०१० पासून टप्प्याटप्प्याने राज्यातील महापालिकांत जकातीऐवजी स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी आला. ठाण्यात तो १ एप्रिल २०१३ पासून लागू झाला. त्या उन्हाळ्यात राज्यभर व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली, ते आपल्या स्मरणात आहे. अखेर १ ऑगस्ट २०१५ पासून वर्षाला ५० कोटींपेक्षा कमी उलाढाल असणाऱ्यांचा एलबीटी रद्द झाला आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. आपण कापडवाले तर जवळपास साठ वर्षे विक्रीकरातून बाहेर होतो. आपल्यालाही पाच टक्के लागले आणि हिशेबाचे नवे शास्त्र शिकावे लागले.

महापालिकांचे काय झाले? राज्य सरकारने २०१७ मध्येच कायदा करून त्यांना भरपाई ठरवून दिली. २०१६-१७ हे वर्ष पाया धरायचे आणि त्यावर दरवर्षी आठ टक्के वाढ देत दरमहा रक्कम पाठवायची. म्हणजे त्या वर्षी १०० रुपये मिळत असतील, तर २०२४-२५ मध्ये सुमारे १८५ रुपये. भरपाई खात्रीची आहे, नाक्याची कटकट गेली, दोघेही सुखी. पण यात एक धागा तुटला, तो फारसा कोणी ध्यानात घेतलेला नाही. कल्याणच्या बाजारात गर्दी मावत नसो की माशा मारत बसण्याची पाळी येवो, महापालिकेला भरपाई तेवढीच मिळते. आपल्या धंद्याच्या नफ्यातोट्याशी शहराच्या तिजोरीचा थेट संबंध उरलेला नाही.

मग तिच्या स्वतःच्या हातात काय राहिले? मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि बांधकामाच्या परवानग्यांतून येणारे विकास शुल्क. यातले तिसरे उत्पन्न झटपट आणि मोठे असते. त्यामुळे नवा टॉवर उभा राहिला तर तिजोरीला आनंद होतो. जुन्या बाजारात पन्नास शिंप्यांना काम मिळाले तर तिच्या वहीत एक ओळही बदलत नाही. यात कोणाची बदनियत शोधण्याचे कारण नाही. जेथून पैसा येतो तिकडे लक्ष जाते, हा साऱ्या जगाचा रिवाज आहे. म्हणूनच आपण लक्ष वेधून घेतले नाही तर आपल्याकडे कोणी पाहणार नाही.

फुगलेली जमा

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मध्ये अंदाजपत्रकाची वाट आखून दिली आहे. आयुक्त अंदाज तयार करून स्थायी समितीपुढे ठेवतात. सोळा सदस्यांची ही समिती त्यात फेरबदल करून ते महासभेकडे पाठवते. करांचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे आणि नवे वर्ष लागण्यापूर्वी अंदाजपत्रक मंजूर करायचे. कागदावर रचना चांगली आहे.

रोग कोठे जडतो? प्रत्येक प्रभागाला काम हवे असते. गटार, पायवाट, समाजमंदिर, कमान. कामे मावत नाहीत, तेव्हा खर्च कमी करण्याऐवजी जमा वाढवली जाते. मालमत्ता कराची वसुली वाढेल, विकास शुल्क वाढेल, सरकारचे अनुदान येईल, असे धरले जाते. कागदावर दोन्ही बाजू जुळतात. सहा-आठ महिन्यांनी 'सुधारित अंदाजपत्रक' येते, तेव्हा जमा खाली आलेली असते; पण तोवर कामांचे आदेश निघून गेलेले असतात. काम झाले, देयक आले, पैसा नाही. या थकलेल्या रकमेला सरकारी भाषेत 'दायित्व' म्हणतात. करोनाच्या काळानंतर ठाण्याच्या अंदाजपत्रकाच्या चर्चेत हा शब्द सतत ऐकू आला, तो यामुळेच.

आपल्या धंद्यात याचे नाव सोपे आहे. ईदला आणि दिवाळीला दुप्पट विक्री होईल असे धरून एखाद्याने गिरणीवाल्याकडून उधारीवर दुप्पट माल उचलला आणि विक्री निम्मीच झाली, तर त्याचे काय होते? बाजारात पत जाते. पुढच्या वेळी त्याला माल मिळतो तो चढ्या भावाने. महापालिकेचेही तसेच होते. पैसे वेळेवर मिळणार नाहीत हे जाणणारा ठेकेदार आपल्या दरात तो उशीर आधीच धरतो, किंवा काम तरी कच्चे करतो. दोन्हीची किंमत आपणच मोजतो.

घोषणांचेही असेच आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये, महापालिका निवडणुकीच्या तोंडावर, कल्याण-डोंबिवलीसाठी ६,५०० कोटी रुपयांचे पॅकेज मुख्यमंत्र्यांनी जाहीर केले होते. सरकार कोणत्याही पक्षाचे असो, व्यापाऱ्याचा नियम एकच असावा. तोंडी सौदा जमेला धरायचा नाही. रक्कम हातात आली की मगच ओळ लिहायची.

ही आपल्याच शहरांची गोष्ट आहे असेही नाही. इंग्लंडातील बर्मिंगहॅम हे मोठे आणि जुने कारखानदारीचे शहर. सप्टेंबर २०२३ मध्ये तेथील कौन्सिलने जाहीर केले की, अत्यावश्यक कामांखेरीज नवा खर्च करता येणार नाही. स्त्री कर्मचाऱ्यांच्या समान वेतनाची जुनी देणी साचली होती आणि नव्या संगणक व्यवस्थेचा खर्च अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला होता. पुढच्या वर्षी रहिवाशांचा कर सुमारे दहा टक्क्यांनी वाढला आणि सेवांना कात्री लागली. साचलेली देणी वहीच्या शेवटच्या पानावर ढकलली म्हणून नाहीशी होत नाहीत.

न केलेला खर्च म्हणजे बचत नव्हे

काटकसर म्हणजे नुसता हात आखडणे, असाही एक गैरसमज आहे. याला कल्याणचेच उदाहरण पुरे आहे. आधारवाडीचा कचऱ्याचा डोंगर वर्षानुवर्षे वाढत राहिला. प्रकल्प उभारायचे ते पुढे ढकलले गेले. शेवटी एप्रिल २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कचऱ्याची शास्त्रीय विल्हेवाट होत नाही म्हणून महापालिकेच्या हद्दीत नव्या बांधकामांच्या परवानग्यांवर बंदी घातली. सुमारे वर्षभर ती राहिली. आता हिशेब करा. कचऱ्यावर वेळेवर खर्च झाला नाही, म्हणून विकास शुल्काचे उत्पन्न अडले. गवंडी, सुतार, रंगारी, लोखंड आणि लाद्यांचे दुकानदार, सगळ्यांच्या पोटाला चिमटा बसला. आधारवाडीचे क्षेपणभूमी म्हणून काम थांबले ते २०२१ मध्ये. एका दुर्लक्षित खर्चाने किती खाती बिघडतात, याचा यापेक्षा चांगला धडा नाही.

ठाण्याचीही हीच कथा वेगळ्या नावाने सांगता येईल. शहराचा कचरा वर्षानुवर्षे दिव्यात पडत राहिला; ती जागा २०२३ मध्ये बंद झाली आणि तात्पुरती सोय शोधावी लागली. शीळ-डायघरला ४ एप्रिल २०१३ रोजी बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसे गेली. त्यांत बांधकामावर राबणारे मजूर आणि त्यांची मुले होती. गरिबाला परवडणारे कायदेशीर घर आणि कारागिराला परवडणारा कायदेशीर गाळा यांचे नियोजन झाले नाही, की ती पोकळी असा बांधकामवाला भरून काढतो. मुंब्रा-कौसा आणि दिवा येथील लोकांना हे वेगळे सांगायला नको.

हद्दीचा प्रश्नही हिशेबाचाच असतो. कल्याण-डोंबिवलीत १९८३ मध्ये २७ गावे आली, २००२ मध्ये बाहेर गेली, १ जून २०१५ ला पुन्हा आत आली. २०२० मध्ये त्यातली १८ गावे वेगळी करण्याचा सरकारचा निर्णय त्याच वर्षी डिसेंबरात उच्च न्यायालयाने रद्द ठरवला. गावे आत आली की कर लागतो. पण पाणी, रस्ता आणि गटार त्याच दिवशी पोहोचत नाही. ज्या दुकानदाराचे गिऱ्हाईक यंदा हद्दीत आणि पुढच्या वर्षी बाहेर, त्याने गुंतवणूक कोणत्या भरवशावर करावी?

रस्ता रुंद झाला, दुकान कोठे गेले?

नियोजन कठोर असले तर काय होते, हेही ठाण्याने पाहिले आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आयुक्त टी. चंद्रशेखर यांच्या कारकिर्दीत ठाण्यातील रस्ते रुंद झाले. विरोधही झाला, कारण रुंदीकरणात पुढचा गाळा जातो तो दुकानदाराचाच. आज त्या रस्त्यांवरून गाडी सरळ जाते हे खरे. रुंद रस्त्याने व्यापार वाढतो हेही खरे. आमचे म्हणणे एवढेच की, रस्त्याच्या खर्चात ज्याचे दुकान गेले त्याच्या पर्यायी जागेचा खर्च त्याच पानावर, त्याच वर्षी लिहिलेला असला पाहिजे. तो नसला, तर रस्ता स्वस्त दिसतो एवढेच. खरी किंमत एका कुटुंबाच्या माथी गेलेली असते.

फेरीवाल्यांचेही तसेच. स्थानकाबाहेर दुकानदार आणि फेरीवाला एकमेकांना शत्रू मानतात. २०१४ च्या केंद्रीय कायद्याने शहर फेरीवाला समिती, पाहणी आणि विक्रीची ठरलेली ठिकाणे सांगितली आहेत. समितीत किमान ४० टक्के सभासद फेरीवाल्यांचे असावेत असेही म्हटले आहे. पण आखलेल्या जागेला पाणी, दिवे, शौचालय आणि छप्पर लागते आणि त्याला अंदाजपत्रकात तरतूद लागते. तरतूद नसेल तर कायदा पुस्तकात राहतो आणि रस्त्यावर फक्त गाडी येते, माल उचलते आणि निघून जाते. दंड भरून तोच माणूस दुसऱ्या दिवशी त्याच जागी उभा राहतो. यात दुकानदाराचे भले झाले नाही आणि फेरीवाल्याचेही नाही.

बाजाराचे पान कोठे आहे?

७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तिच्यासोबत घटनेला जोडलेल्या बाराव्या परिशिष्टात नगरपालिकांकडे सोपवता येतील अशी १८ कामे दिली आहेत. त्यातले तिसरेच काम 'आर्थिक व सामाजिक विकासाचे नियोजन' हे आहे. रस्ते आणि पूल त्याच्या नंतर येतात. आपल्या अंदाजपत्रकांत मात्र रस्ते-पुलांना पाने आहेत. बाजार, कारागीर आणि छोटा उद्योग यांच्यासाठी सलग एक पान सापडणे कठीण.

त्या पानावर काय असावे? आम्हाला सुचते ते असे: जुन्या बाजारांत पावसाळ्यापूर्वी साफ होणारी आणि पुरेशा रुंदीची गटारे, कारण २६ जुलै २००५ चा पूर कल्याणकर विसरलेला नाही आणि भिजलेली कापडाची गाठ कोणी परत घेत नाही. माल उतरवण्यासाठी ठरलेली जागा आणि वेळ. आगीच्या वेळी बंब आत जाईल एवढी वाट आणि पाण्याची सोय. स्त्री गिऱ्हाइकांसाठी आणि दुकानांत काम करणाऱ्या मुलींसाठी स्वच्छ शौचालये. शिवणकाम, जरीकाम, वेल्डिंग, सुतारकाम करणाऱ्यांसाठी माफक भाड्याचे गाळे. यातले एकही काम उड्डाणपुलाएवढे महाग नाही. उद्घाटनाला मोठा पाहुणा मिळत नाही, हाच त्यांचा दोष.

आणखी एक सावधगिरी. सप्टेंबर २०१६ मध्ये ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही शहरांची 'स्मार्ट सिटी' म्हणून निवड झाली. केंद्राकडून पाच वर्षांत कमाल ५०० कोटी आणि तेवढाच वाटा राज्य व महापालिका यांनी मिळून उचलायचा, अशी ती योजना होती. काम वेगळ्या कंपनीमार्फत झाले आणि योजना मार्च २०२५ मध्ये संपली. अनुदान मिळते तेव्हा आनंद होतो, पण त्यासोबत आपला हिस्सा द्यावा लागतो. योजना संपल्यावर दिवे, कॅमेरे, यंत्रे यांची देखभाल आपल्याच खर्चात येते. दुकानात एसी बसवताना आपण विजेचे बिलही आधी मोजतो, शहरानेही मोजावे.

विचारण्याचे सहा प्रश्न

लोकनियुक्त सभागृह नसताना काय होते, ते दोन्ही शहरांनी अनुभवले. कल्याण-डोंबिवलीत नोव्हेंबर २०२० मध्ये आणि ठाण्यात मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि प्रशासक आले. अंदाजपत्रक मांडणारा आणि मंजूर करणारा एकच. १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान होऊन सभागृहे पुन्हा निवडून आली. नगरसेवक आपल्या गल्लीतला आहे, आपल्या दुकानावरून जातो. त्याला चहा पाजताना पुढील प्रश्न विचारावेत:

१. मागील तीन वर्षांत अंदाजपत्रकातली जमा किती धरली, सुधारित किती झाली आणि प्रत्यक्षात किती आली? हे तीन आकडे शेजारी ठेवले की सारी कहाणी कळते.

२. वर्षाच्या आरंभी ठेकेदारांची आणि इतर देणी किती आहेत? ती फेडण्यासाठी वेगळी तरतूद आहे का?

३. पगार, निवृत्तिवेतन, वीज आणि कर्जाचे हप्ते वजा केल्यावर नव्या कामाला शंभरांतले किती रुपये उरतात?

४. ठाण्याचे अंदाजपत्रक एका वर्षात ६२० कोटींनी, म्हणजे बारा टक्क्यांहून अधिक वाढले. जीएसटीची भरपाई आठ टक्क्यांनीच वाढते. मग बाकीची वाढ कोठून धरली आहे?

५. आमच्या प्रभागातील बाजारासाठी कोणत्या लेखाशीर्षाखाली किती रक्कम आहे आणि मागच्या वर्षीची किती खर्च झाली?

६. मुख्य लेखापरीक्षकांच्या अहवालातील आक्षेपांचे काय झाले?

उत्तर मिळाले नाही तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. दहा रुपयांत अर्ज होतो. पुण्यात २००६ पासून नागरिकांकडून वॉर्ड कार्यालयात कामे सुचवून घेऊन त्यांतली काही अंदाजपत्रकात घालण्याची प्रथा आहे. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहरात ही कल्पना १९८९ मध्ये सुरू झाली. जे पुण्याला जमते ते ठाणे-कल्याणला जमू नये असे काही नाही. पण मागणी बाजारातून यायला हवी, आणि ती डिसेंबरात यायला हवी. मार्चमध्ये आलेला अर्ज म्हणजे ईद झाल्यावर शिवून आलेला कुर्ता.

एक गोष्ट आपल्या बाजूनेही. मालमत्ता कराची थकबाकी ठेवून महापालिकेच्या फुगलेल्या जमेवर बोट ठेवता येणार नाही. आपण वेळेवर कर भरावा, पावती जपून ठेवावी आणि ती पावती हातात घेऊन प्रश्न विचारावा. कपडा, किराणा, भांडी, सोने, भाजी, प्रत्येक बाजाराची संघटना आहे. सगळ्या धर्मांचे, सगळ्या भाषांचे व्यापारी तिच्यात आहेत, कारण तुंबलेले गटार कोणाची जात विचारत नाही. प्रत्येक संघटनेने हिशेब समजणारे दोन तरुण निवडून त्यांच्याकडे हे काम सोपवावे. आपली मुले आता वाणिज्य शाखेत शिकतात, सनदी लेखापाल होतात. त्यांना वर्षातून चार रविवार शहरासाठी मागावेत.

शहराचा पैसा ही नगरसेवकांच्या आणि अधिकाऱ्यांच्या हाती ठेवलेली अमानत आहे. ज्याने ती ठेवली त्याने हिशेब विचारला नाही, तर सांभाळणाऱ्याला जपून वागण्याची सवय कशी लागावी? पुढचे अंदाजपत्रक येईल तेव्हा त्याची प्रत मागवा, दुकान बंद झाल्यावर अर्धा तास तिच्यासमोर बसा आणि आपल्या बाजाराचे नाव त्यात कोठे आहे ते शोधा. सापडले नाही, तर आपल्या संघटनेच्या पुढच्या बैठकीचा पहिला विषय तोच असू द्या.